चाक चालण्यासाठी, पाय उभे राहण्यासाठी

प्रस्तावना

कामाच्या बेंचकडून आपण दोन गोष्टी मागतो आणि त्या एकमेकींच्या आड येतात. रंधा चालू असताना, शेगड्यात लोखंड धरून कानस मारताना बेंच जागचा तसूभरही हलू नये. काम संपल्यावर मात्र एकट्या माणसाला तो भिंतीशी नेऊन लावता यावा. जड बेंच पहिले काम चोख करतो आणि दुसऱ्याला नकार देतो. हलका बेंच कुठेही जातो, पण पहिल्या जोरदार हाताला डुगडुगतो. या दोन मागण्यांचा मेळ कसा घालायचा, हा या छोट्या पुस्तकाचा विषय आहे. सुतार, फिटर, वेल्डर, आयटीआयचे विद्यार्थी आणि घरच्या ओसरीत हौसेने अवजार धरणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

हा प्रश्न नागपुरात फार जवळून दिसतो. लकडगंजात गेलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या करून ठेवलेल्या फळ्या, आरा मशीनचा आवाज आणि ओल्या भुशाचा वास यांवरूनच बाजार ओळखू येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान देशभर नावाजलेले आहे. 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेले ते बल्लारपूरच्याच डेपोतून. म्हणजे चांगल्या लाकडाची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती जागेची. महाल, इतवारी, सक्करदरा या भागांत एका शटरची कितीतरी दुकाने आहेत. दिवसा तिथे चौकटी आणि पल्ले तयार होतात, रात्री त्याच जागेत दुचाकी आत घ्यावी लागते. जागा तीच असली तरी हंगामाप्रमाणे तिथले काम बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कूलरच्या बॉड्या आणि स्टँड, श्रावण-भाद्रपदात गणपतीचे मखर, दिवाळीच्या तोंडावर घरोघरचे फर्निचर. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की सकाळचे काम अंगणात होते आणि दहा-अकरा वाजता सगळा पसारा आत घ्यावा लागतो. अशा दुकानात एका जागी रुतून बसलेला बेंच अडचण होतो. म्हणून बहुतेकांनी बेंचच सोडून दिला. लोखंडी घोड्यावर प्लाय टाकायचा, नाहीतर सरळ फरशीवर बसायचे. त्या सोयीची किंमत कंबर आणि गुडघे मोजतात, आणि कामाच्या सफाईतही ती उतरते.

फरशीवर बसून काम करण्याला मी कमी लेखत नाही. आपल्या सुतारकीची शतकानुशतकांची रीत तीच आहे. बलुतेदारीतला सुतार वाकस, करवत, पटाशी आणि किंकरे घेऊन शेतकऱ्याच्या अंगणात जाई आणि तिथेच बाभळीच्या ओंडक्यातून वखर, तिफण, बंडीचे चाक घडवी. लाकूड पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने दाबून धरायचे, गरज पडली तर गुडघा टेकायचा. त्याच्या शरीराचे वजन हाच त्याचा शेगडा होता आणि जमीन हाच त्याचा बेंच. जमीन हलत नाही आणि शरीर हवे तिथे जाते, म्हणजे आपल्या विषयातल्या दोन्ही मागण्या त्या माणसाने एकही खिळा न ठोकता पूर्ण केल्या होत्या. मर्यादा आली ती कामाच्या प्रकारात. सहा-सात फुटी पल्ला सरळ रंधायचा, चौकटीचे चार सांधे एका पातळीत बसवायचे, विजेच्या राउटरने कड काढायची, ही कामे उभ्याने आणि कमरेच्या उंचीवरच नीट होतात.

उभ्याने काम करण्याची सवय आपल्याकडे मुख्यतः कारखान्यांनी आणि शाळांनी लावली. नागपूरला मोतीबागेत अडीच फुटी नॅरोगेज रेल्वेचा कारखाना होता. अशा रेल्वे कारखान्यांत डबे आणि इंजिने दुरुस्त होत आणि फिटरचे बेंच जमिनीला बोल्टने जखडलेले असत. पुढे 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या झाकिर हुसेन समितीने नई तालीमच्या अभ्यासक्रमात सूतकताई आणि शेतीच्या जोडीला सुतारकामही घातले. हाताचे काम हे शिक्षणाचे माध्यम आहे, ही गोष्ट नागपूरपासून 75-80 किलोमीटरवर इतक्या ठामपणे मांडली गेली, याचा मला अभिमान वाटतो. पण शाळेतला बेंच असो की कारखान्यातला, त्याला स्वतःची कायमची खोली होती. हलण्याचा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. युरोपातही असेच झाले. पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रूबो याने 1769 पासून सुतारकामावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातल्या बेंचचा पाट इतका जाड आहे की तो एकदा ठेवला की ठेवलाच. आज जगभरचे हौशी सुतार त्याच नमुन्यावर बेंच बनवतात. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे मोठे गॅरेज नाही त्यांच्यापुढे इतवारीतल्या दुकानदाराचाच प्रश्न उभा राहतो.

मग जडपणाच कमी का करू नये? याचे उत्तर आकड्यांत आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड पाट म्हणजे बरोबर 3 घनफूट लाकूड. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण 18 किलो भरते, म्हणजे नुसता पाटच 54 किलोंचा. चार इंची चौरस पाय, अडीच फूट उंचीचे, चारही मिळून घनफुटाहून थोडे अधिक, ते झाले 20 किलो. आडव्या पट्ट्या, खालची फळी आणि बिडाचा शेगडा धरला की बेंच 110 किलोंच्या घरात जातो. आता घर्षण बघा. लाकडी पाय फरशीवरून सरकवायला वजनाच्या तीस-चाळीस टक्के जोर लागतो असे धरले, तर हा बेंच 35 ते 45 किलोंच्या रेट्याशिवाय जागा सोडणार नाही. लांब रंध्याने जाड सालपट काढताना माणूस 15-20 किलोंचा रेटा सहज देतो. म्हणजे बेंच दुपटीने पुरून उरतो. याच बेंचला चाके लावा आणि तो चाकांवरच उभा ठेवा. गुळगुळीत फरशीवर चांगले चाक फिरवायला वजनाच्या दोन-तीन टक्के जोर पुरतो, म्हणजे 2-3 किलो. रंध्याच्या पहिल्या हातालाच बेंच निघाला. वजन तेवढेच आहे. ते कशावर टेकले आहे, एवढ्यावर सगळे ठरते.

“ब्रेकची चाके लावा, संपले,” असे हार्डवेअरच्या दुकानात सांगतात. हा सल्ला इतका सरसकट मिळतो की त्याची तपासणी जवळून करायला हवी. फिरते कॅस्टर हातात घेऊन उलटे धरा. वर पत्र्याची चौकोनी पाटी, तिच्याखाली छऱ्यांची बेअरिंग, बेअरिंगमध्ये फिरणारा काटा आणि काट्यात आसावर बसवलेले चाक. चाकाचा आस वरच्या खिळीच्या बरोबर खाली नसतो, इंचभर मागे सरकवलेला असतो. म्हणूनच ढकलल्यावर चाक आपोआप चालीच्या दिशेला वळते. आता ब्रेकची पट्टी दाबा आणि काटा हलवून पहा. साध्या ब्रेकने चाकाचे फिरणे थांबते, काट्याचे वळणे चालूच राहते. अशी चार चाके लावलेल्या बेंचवर दाराचा पल्ला चढवून रंधा मारायला घ्या. पुढच्या हाताला बेंच पुढच्या अंगाला झुकतो, मागे येताना मागे येतो, दर खेपेला काही मिलिमीटर. रंध्याचे पाते फळीवर थरथरते, सालपट सलग न निघता तुटक निघते आणि पल्ल्यावर आडव्या लाटा उमटतात. चाकाचे रबर दबते, बेअरिंगमध्ये जागा असते, पाटीचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. काटाही जखडणारा दुहेरी ब्रेक मिळतो आणि तो या साध्या ब्रेकपेक्षा बराच बरा, तरी रबराचे दबणे उरतेच. ड्रिल मशीन किंवा छोटा ग्राइंडर ठेवायच्या टेबलाला ब्रेकची चाके चालतात. रंधा, पटाशी आणि हातोडी यांच्या बेंचला ती पुरत नाहीत.

या पुस्तकाचे सूत्र इथूनच निघते. चालण्याचे काम चाकाने करावे आणि उभे राहण्याचे काम पायाने. एकाच भागावर दोन्ही कामे लादली की तो भाग दोन्हीत कमी पडतो. बेंच हलवायचा तेव्हा सगळे वजन चाकांवर जावे आणि काम करायचे तेव्हा सगळे वजन पायांवर उतरावे. वजनाची ही अदलाबदल किती सोपी, किती झटपट आणि किती बिनधोक होते, यावरून रचनेचा कस लावायचा.

हे सूत्र विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे नाही. बंडीचे बैल सोडले की तो धुरेखाली टेकू लावतो आणि चाकापुढे दगड सरकवतो. दोन चाके आणि एक टेकू, असे तीन आधार झाले की वावरातल्या खाचखळग्यांतही बंडी डुलत नाही, तिच्यावर चढून पोती रचता येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. 1806 मध्ये दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असे इथे सांगतात. मुले दोरी धरून चाकांवरचे लाकडी बैल ओढत नेतात. हातभर उंचीच्या बैलापासून दोन माणसांनी ओढायच्या नंदीपर्यंत सगळे आकार बाजारात असतात. आपल्या सुताराने लाकडाखाली चाक लावण्याची कला पिढ्यान् पिढ्या जपली आहे. बेंचच्या बाबतीत तिला फक्त पायांची जोड द्यायची आहे.

पाय आले की जमीन आली, आणि नागपूरच्या जमिनीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया आणि भराव नीट नसलेल्या जागी फरशी वर्षागणिक खालीवर होते. शिवाय ओसरीला आणि अंगणाला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. लाकूडही स्वस्थ बसत नाही. मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली दमट हवा यांच्या फेऱ्यात दोन फूट रुंदीचा सागवानी पाट 4-5 मिलिमीटर सहज कमीजास्त होतो. पाट चौकटीला दोन्ही कडांनी पक्का ठोकला तर तो वाकतो किंवा चिरतो आणि चौकट पिळली जाऊन एक पाय अधांतरी राहतो. म्हणून पाट एका कडेला पक्का करावा आणि दुसऱ्या कडेला लांबट भोकातून बोल्ट घालून त्याला सरकायला जागा ठेवावी.

तीन आधारांची वस्तू कधी डुगडुगत नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. चौथा पाय आला की भांडण सुरू होते. बेंचला चार पाय हवेतच, नाहीतर कोपऱ्यावर जोर देताच तो कलंडेल. तेव्हा प्रत्येक पायाखाली, निदान एका पायाखाली, उंची जमवता येणारा बोल्ट बसवावा. 12 मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टला एक पूर्ण फेरा दिला की पाय पावणेदोन मिलिमीटर वर किंवा खाली जातो. पाणसळ ठेवून पाव-अर्ध्या फेऱ्याने उंची जमवायची आणि वरून दुसरा नट आवळून बोल्ट जागीच बांधायचा. बोल्टच्या टोकाखाली कडक रबराची चकती दिली तर फरशी चिरत नाही आणि पकडही वाढते. एवढ्या एका सोयीने बेंचच्या निम्म्या तक्रारी मिटतात, मग चाके लावा अगर न लावा.

आता वजनाच्या अदलाबदलीच्या रीती. पुढच्या प्रकरणांत प्रत्येकीची मापे आणि कृती दिली आहे. इथे त्यांची नुसती ओळख करून देतो.

पहिली रीत हातगाडीची. बेंचच्या एका टोकाच्या दोन पायांना बाहेरून दोन पक्की चाके अशी बसवायची की बेंच सरळ उभा असताना ती जमिनीपासून 3-4 मिलिमीटर वर राहतील. दुसरे टोक उचलले की चाके टेकतात, जवळचे पाय सुटतात आणि बेंच ओढत नेता येतो. खाली ठेवला की चाके पुन्हा अधांतरी. यात बिघडण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की उचलणाऱ्याच्या हातावर जवळजवळ निम्मे वजन येते. 60-65 किलोंच्या बेंचला ही रीत उत्तम. 110 किलोंच्या बेंचला एकट्याने हात घालू नये.

दुसरी रीत बिजागरीच्या फळीची, आणि लहान दुकानासाठी मला ही सर्वांत पसंत आहे. बेंचच्या दोन्ही टोकांना पायांच्या आतल्या बाजूने, खालच्या आडव्या पट्टीला बिजागऱ्यांनी एकेक जाड फळी टांगायची. प्रत्येक फळीच्या खाली दोन-दोन कॅस्टर. फळीचे मोकळे टोक पायाने दाबले की चाके जमिनीला टेकतात आणि बेंचचे ते टोक बोटभर उचलले जाते. त्याच वेळी वरून टांगलेली छोटी अडणी फळीवर उभी राहून तिला परत वर येऊ देत नाही. ही सारी तरफेची किमया. बिजागरीपासून चाक 3 इंचांवर आणि पाय ठेवायची जागा 12 इंचांवर, म्हणजे चाकापासून 9 इंचांवर, असेल तर तिप्पट फायदा मिळतो. 55 किलोंचे टोक 18-19 किलोंच्या दाबाने उचलले जाते, आणि एवढा दाब तर माणसाचे वजन नुसते पायावर कलले तरी पडतो. बेंच जागेवर नेला की अडणीला बुटाच्या टोकाने धक्का द्यायचा. ‘धप्’ असा आवाज येतो आणि 110 किलो चार पायांवर बसतात. फळी मात्र सव्वा-दीड इंच जाड आणि गाठी नसलेली हवी. बिजागऱ्या दाराच्या जाड लोखंडी हव्यात, स्क्रूऐवजी आरपार बोल्टने आवळलेल्या.

तिसरी रीत जॅकची. बेंचला काहीच लावायचे नाही. मोटारीचा साधा स्क्रू जॅक खालच्या पट्टीच्या मध्यावर लावून एक टोक उचलायचे, खाली चाकांची पट्टी सरकवायची, मग दुसरे टोक. पाच-दहा मिनिटे जातात. महिन्या-दोन महिन्यांत एकदाच बेंच हलवणाऱ्याने उगाच खर्चात पडू नये, ही रीत त्याच्यासाठी. चौथी रीत तयार मिळणाऱ्या कॅस्टरची, ज्यात चाकाच्या शेजारीच रबरी पाय असतो आणि हाताने चकती फिरवली की तो खाली येऊन वजन स्वतःवर घेतो. ही कॅस्टर महाग पडतात, पण लोखंडी चौकटीच्या बेंचवर वेल्डिंगने सुबक बसतात.

पाचवी रीत वजनच वेगळे करण्याची. बेंच मध्यम वजनाचा करायचा आणि खालच्या फळीवर उतरवून ठेवता येईल असा भार ठेवायचा. तेलाचा 15 किलोंचा रिकामा डबा कन्हानच्या कोरड्या वाळूने भरला की 25 किलोंच्या आसपास भरतो. चार डबे म्हणजे 100 किलो, आणि तेही जमिनीलगत, जिथे भार असला की बेंच कलंडायला तयार होत नाही. हलवताना एकेक डबा उतरवायचा. भाड्याच्या जागेत काम करणाऱ्यांनी हिचा जरूर विचार करावा.

सहावी रीत बेंच सुटा करण्याची. पायांच्या जोड्या, मधल्या पट्ट्या आणि पाट असे चार-पाच भाग पाचरीच्या सांध्यांनी जोडायचे. पट्टीचे कुसू पायातून आरपार जाते, बाहेर आलेल्या भागात भोक पाडून पाचर ठोकतात, आणि काम करताना सांधा सैल झालाच तर पाचरीवर एक घाव घातला की पुन्हा घट्ट. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या ओल्ड सेलम या वसाहतीत मोरावियन पंथाच्या सुतारांचा असा सुटा बेंच जपून ठेवला आहे आणि त्या नमुन्याचे बेंच आजही बनतात. साइटवर जाऊन काम करणाऱ्या आपल्या सुतारांना तो अगदी हाताला बसेल. याच कुळातला आणखी एक नमुना रॉन हिकमन यांचा. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हिकमन लोटस कंपनीत मोटारींचे डिझाइनर होते. घरी लाकूड कापताना बेंच नव्हता म्हणून त्यांनी खुर्चीचाच आधार घेतला आणि करवत खुर्चीतही उतरली. त्यातून घडी होणाऱ्या बेंचची कल्पना निघाली. ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1972 पासून तो ‘वर्कमेट’ नावाने बनवायला घेतला आणि तो जगभर खपला. तो हलका आहे, म्हणून खालच्या पायरीवर कारागिराने स्वतःचा पाय ठेवून त्याला दाबायचे. पायाने लाकूड दाबणारा आपला सुतार आणि पायरीवर पाय ठेवणारा हा कारागीर एकाच युक्तीचे धनी आहेत. स्थैर्यासाठी लागणारे वजन माणसाच्या अंगातच असते, ते नेमके कुठे टेकायचे हे कळले पाहिजे.

रीत कुठलीही घ्या, चार गोष्टींत तडजोड नको. चाक निदान 4 इंची असावे. 2 इंची चाक फरशीच्या फटीत, उंबऱ्यात, विजेच्या वायरवर अडते आणि चालता बेंच एकदम थांबला की वरचा भार पुढे झेपावतो. चाकाची क्षमता मोजताना बेंचचे वजन चाराने न भागता तिनाने भागावे, कारण उंचसखल जमिनीवर एक चाक हमखास हवेत असते. दोन चाके पक्की आणि दोन फिरती ठेवावीत. चारही फिरती असली तर बेंच उताराला आडवा पळतो. आणि हलवण्याआधी शेगडा रिकामा करावा, वरची अवजारे उतरवावीत, पोरेबाळे लांब आहेत ना ते पाहावे. शेगडा ज्या कोपऱ्याला असेल तिकडे बेंच आधीच जड असतो, म्हणून अशा बेंचला ढकलताना त्या टोकाशी माणूस उभा करू नये.

चौकटीचे सांधे ढिले असतील तर वरच्या कुठल्याच युक्तीचा उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो. पाट जागेवर आणि पाय जागेवर, पण मधली चौकट कलते, असे पुष्कळ बेंच मी पाहिले आहेत. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी किंवा 12 मिलिमीटरचा प्लाय आरपार बोल्टने लावला की हा दोष जवळजवळ जातो. आधी सांधे, मग पाय, सगळ्यात शेवटी चाके, हा क्रम मोडू नये. पुस्तकातील प्रकरणेही याच क्रमाने येतात. घाईत असलेल्याने थेट चाकांच्या प्रकरणावर उडी मारली तरी मागच्या दोन प्रकरणांकडे त्याला परत यावे लागेल.

लाकडाच्या निवडीवर एक वेगळे प्रकरण आहे. सागवान सुंदर, टिकाऊ आणि कमी हलणारे, पण बेंचसाठी तेच हवे असे नाही. ऐन, बाभूळ ही आपल्याकडची लाकडे जड आहेत, मार सोसतात आणि सागवानापेक्षा स्वस्त पडतात. आपल्या बंड्यांनी आणि औतांनी बाभळीची परीक्षा कधीच घेतली आहे. जुन्या घरांच्या पाडकामातून निघालेल्या तुळया मिळाल्या तर त्याहून चांगले. त्यांनी कितीतरी उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात, त्यामुळे त्या फारशा पिळत नाहीत. फक्त कापण्याआधी त्यांतले खिळे शोधून काढावेत.

या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक युक्ती मला कुठल्या ना कुठल्या कारागिराच्या हाताखाली पाहायला मिळाली. आपले ज्ञान वह्यांत लिहिलेले नाही म्हणून ते कमी मोलाचे, असा समज त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात बसला आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. बिजागरीच्या फळीची उंची नुसत्या नजरेने अचूक सांगणारा माणूस अभियंत्याइतकाच आदराला पात्र आहे. त्याची समज मराठीत, त्याच्याच शब्दांत, मापांसह नोंदवून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, कारण पुढच्या पिढीतल्या मुलामुलींना ती पाहायला मिळेलच याची हमी नाही. आयटीआयमध्ये आता मुलीही सुतारकाम आणि फिटरचे काम शिकतात. बेंच हलवायला दांडगट चौघे लागू नयेत, हे त्यांच्यासाठीही महत्त्वाचे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कारागिरासाठी तर याहून अधिक, कारण जड ओझे उचलताना धरलेली कंबर त्याचा रोजगारच हिरावून घेते.

वाचकांना एक विनंती आहे. चाके विकत घ्यायला निघण्याआधी आपल्या जागेत बेंच कुठे उभा राहणार आणि कुठे विसावणार, त्या दोन्ही जागा खडूने आखून घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्हींची पातळी पाहा. मधला रस्ता, उंबरा आणि उतार मोजा. बेंच दिवसातून किती वेळा हलणार ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. रोज दोनदा हलणार असेल तर बिजागरीची फळी, आठवड्याला हलणार असेल तर हातगाडीची रीत किंवा वाळूचे डबे, महिन्या-दोन महिन्यांत एकदाच हलणार असेल तर जॅक पुरे. एवढे ठरले की बाकीचे पुस्तक आपोआप उलगडेल.

लहान जागेत काम करणाऱ्याने लहान दर्जाच्या कामावर समाधान मानावे, हे मला मान्य नाही. दहा बाय बाराच्या दुकानातही दार तितकेच काटकोनात आणि पल्ला तितकाच सपाट निघू शकतो. त्यासाठी हवा तो कामाला उभा राहिला की अढळ असणारा आणि काम संपले की एका माणसाच्या हाताने निघणारा बेंच. तो आपल्याच बाजारातल्या लाकडातून, आपल्याच लोहाराच्या बिजागऱ्यांनी बनवता येतो, आणि तो कसा बनवायचा ते पुढील पानांत आहे.

नागपूर